फुकटात स्वतःचा सेल्फ-होस्टेड ब्लॉग: खरंच जमतं का, आणि कुठून सुरू करू?

शाईपेन

नमस्कार मंडळी, इथे बरीच तांत्रिक डोकी आहेत म्हणून विचारतेय. मी बरीच वर्षं एका फुकटच्या ब्लॉगिंग साइटवर लिहितेय, शे-दीडशे लेख तरी असतील तिथे. आता झालंय असं की त्यांनी माझ्या लेखांच्या मधोमध त्यांच्या जाहिराती घुसवायला सुरुवात केलीय आणि त्यातून मध्यंतरी एक जुना लेख 'नियमभंग' म्हणून उडवला, कुठला नियम ते सांगेनात, तक्रार केली तर साच्यातलं उत्तर. तेव्हापासून डोक्यात किडा वळवळतोय की आपलं लिखाण आपल्याच ताब्यात पाहिजे.

तर सेल्फ-होस्टेड, म्हणजे आपल्याच ताब्यातल्या जागेवर चालणारा ब्लॉग करायचाय. पण फुकट. हसू नका. लिखाणातून एक छदाम मिळत नाही, त्यामुळे त्यावर दर महिन्याला खर्च करायची तयारी नाहीये. वर्डप्रेस फुकट असतं असं ऐकलंय, मग पैसे नक्की कशाचे लागतात? घरात एक जुना लॅपटॉप पडून आहे, त्याचा काही उपयोग होतो का? एचटीएमएल थोडंफार कळतं, काळ्या स्क्रीनवर कमांड मारायच्या म्हटलं की घाम फुटतो. आणि हो, कधीकधी फोनवरून लिहिते, तेही चालू राहिलं तर बरं.

कृपया समजेल असं सांगा, 'आधी लिनक्स टाका' पासून सुरू करू नका.

---

रिकामटेकडा

एवढं काय त्यात, 'फ्री वर्डप्रेस होस्टिंग' असं सर्च मारा, ढिगाने साइट्स मिळतील. अकाउंट काढा, इन्स्टॉलचं बटण दाबा, झाला ब्लॉग. कमांड वगैरे काही नाही.

---

कन्सोलकाका

रिकामटेकडा, अरे थांब जरा, त्या बिचारीला एका फुकट्या मालकाकडून काढून दुसऱ्या फुकट्या मालकाकडे कशाला ढकलतोस.

शाईपेन, आधी पैशांचं सांगतो कारण तिथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. वर्डप्रेस नावाच्या दोन गोष्टी आहेत. डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर, २००३ पासूनचं, मुक्त स्रोत, कुणीही उतरवून घ्या, पैसे नाहीत. डॉट कॉम ही त्याच सॉफ्टवेअरवर चालणारी एका कंपनीची सेवा, म्हणजे तुम्ही आत्ता जिथे आहात तशातलाच प्रकार. सॉफ्टवेअर फुकट असलं तरी ते चालवायला चोवीस तास चालू असलेलं मशीन लागतं, त्यावर पीएचपी (पानं बनवणारी प्रोग्रॅमिंगची भाषा) पाहिजे, लेख साठवायला मायएसक्यूएल नाहीतर मारियाडीबी हा डेटाबेस पाहिजे, आणि लोकांना ते मशीन सापडायला एक नाव, म्हणजे डोमेन, पाहिजे. पैसे लागतात ते मशीनचे आणि नावाचे.

आता फुकट पीएचपी होस्टिंगबद्दल. ती वाईटच असतात असं मी म्हणत नाही, खेळून बघायला, शिकायला ठीक. पण ०००वेबहोस्टचं उदाहरण घ्या, या प्रकारातलं एकेकाळचं मोठं नाव. २०१५ मध्ये त्यांच्याकडचे १ कोटी ३० लाखांहून जास्त लोकांचे पासवर्ड फुटले आणि ते साठवलेले होते साध्या मजकुरात, म्हणजे कसलंही कुलूप न लावता. २०२४ मध्ये ती सेवाच बंद झाली. डॉट टीके, डॉट एमएल अशी फुकट डोमेनं वाटणाऱ्या फ्रीनॉमचंही तेच, २०२३ मध्ये नवीन नोंदणी बंद केली, मग पुढच्या वर्षी त्या धंद्यातूनच बाहेर पडायचं जाहीर केलं, आणि त्या नावांवर ज्यांनी पाच-सात वर्षं ब्लॉग चालवले ते बसले बोंबलत.

म्हणून मला तुम्हाला उलटं विचारायचंय. तुम्हाला सर्व्हर ताब्यात हवाय की लिखाण? कारण तुमची तक्रार वाचली तर तुम्हाला सर्व्हर सांभाळायची हौस आहे असं कुठेच दिसत नाही. लेख कुणी उडवला तर तो माझ्याकडे असला पाहिजे, जाहिराती नकोत, आणि उद्या जागा बदलली तरी वाचकांना मी सापडले पाहिजे, एवढंच आहे ना? मग त्याला वर्डप्रेस लागतच नाही. स्टॅटिक साइट करा.

स्टॅटिक म्हणजे काय तर वर्डप्रेसमध्ये वाचक आला की सर्व्हर डेटाबेसमधून लेख काढतो, पान तयार करतो आणि मग दाखवतो, प्रत्येक वेळी. स्टॅटिकमध्ये सगळी पानं तुमच्याच कॉम्प्युटरवर एकदाच तयार होतात आणि त्या तयार एचटीएमएल फाइली वर चढवायच्या. डेटाबेस नाही, पीएचपी नाही, हॅक करायला आत काही नाहीच. आणि नुसत्या फाइली वाटायला इतकी कमी ताकद लागते की ते काम मोठ्या कंपन्या फुकट करून देतात. गिटहब (प्रोग्रॅमर लोकांची कोड ठेवायची साइट) 'पेजेस' नावाने ही सोय २००८ पासून देतंय: साइट १ जीबीपर्यंत, महिन्याला १०० जीबी डेटा ही ढोबळ मर्यादा. एक पान चित्रांसकट २ एमबीचं धरलं तर महिन्याला ५०,००० वेळा उघडलं तरी चालेल. क्लाउडफ्लेअर पेजेसला तर फुकट प्लॅनमध्ये डेटाची मर्यादाच नाही, फक्त एक फाइल २५ एमबीच्या आत हवी आणि महिन्याला ५०० वेळा साइट बिल्ड (म्हणजे पानं नव्याने तयार) करता येते. रोज दहा लेख टाकलेत तरी ५०० होणार नाहीत.

आता यावर कुणीतरी येऊन म्हणेल की हे खरं सेल्फ-होस्टिंग नव्हे. नसू दे. सगळ्या साइटची मूळ प्रत तुमच्या डिस्कवर आहे, गिटहबने उद्या हाकललं तर तोच फोल्डर दुसरीकडे चढवायचा, तासाभराचं काम. घरात सर्व्हर ठेवून बॅकअप न घेणाऱ्यापेक्षा तुमचा ब्लॉग जास्त तुमचा असेल.

अशी पानं बनवायची साधनं बरीच आहेत, जेकिल, हुगो, एलेव्हन्टी वगैरे. मी हुगो वापरतो, वेगवान आहे, पण त्यात काळी स्क्रीन येते. तुम्हाला घाम फुटतो म्हणालात म्हणून त्याबद्दल इथे जास्त बोलत नाही.

---

निवांत_नेट

काकांना +१. फक्त घामावर उपाय आहे, पब्ली म्हणून एक ॲप आहे, मुक्त स्रोत, विंडोज मॅक लिनक्स तिन्हीवर चालतं. साध्या ॲपसारखं उघडायचं, लेख लिहायचा, चित्र ओढून टाकायचं, 'सिंक'चं बटण दाबायचं की ते स्वतःच सगळी पानं बनवून गिटहब पेजेसवर चढवतं. कमांड एकही नाही. वर्डप्रेसची एक्सपोर्ट फाइल पण आत घेतं.

सुरुवातीला एकदाच करायची किचकट गोष्ट म्हणजे गिटहबवर अकाउंट काढून एक रेपो (साइटच्या फाइली ठेवायचा फोल्डर) बनवायची आणि एक टोकन (पासवर्डसारखी किल्ली) तयार करून ते पब्लीच्या सर्व्हर सेटिंगमध्ये चिकटवायचं. टोकनला मुदत असते ती संपली की एके दिवशी सिंक होणं बंद होतं आणि माणूस दोन तास इंटरनेटला शिव्या घालत बसतो, त्यामुळे मुदतीची तारीख कॅलेंडरवर टाकून ठेवा.

तोटा एकच पण तुमच्यासाठी महत्त्वाचा: फोनवर पब्ली नाहीये. फोनवर नोट्समध्ये कच्चं लिहायचं आणि कॉम्प्युटरवर येऊन पब्लीत टाकायचं, मी तरी तसंच करतो. आणि सगळा डेटा त्या एकाच कॉम्प्युटरवर असतो, तो फोल्डर दुसरीकडे कॉपी करत राहायचा हे विसरलात तर काकांनी वर जे सांगितलं ते सगळं पाण्यात.

---

उंबरठा

मी जरा वेगळ्या गटातला. मला घरातलाच सर्व्हर आवडतो आणि जुना लॅपटॉप हा त्यासाठी एकदम झकास माल आहे, आत बॅटरी असल्यामुळे लाइट गेली तर यूपीएसचं काम तोच करतो (राउटर मात्र बंद पडतो, त्याचा विचार करा). डिस्क, रॅम, कीबोर्ड, स्क्रीन सगळं एकाच डब्यात. पण करायच्या आधी हे बघून घ्या.

पहिलं, तुमच्याकडे खरा पब्लिक आयपी, म्हणजे बाहेरून थेट पोचता येईल असा इंटरनेटवरचा पत्ता, आहे का. राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन आयपी लिहिलेला असतो तो बघा, मग ब्राउझरमध्ये 'व्हॉट इज माय आयपी' सर्च करून येतो तो बघा. दोन्ही सारखे असले तर ठीक. वेगळे असले, विशेषतः राउटरवरचा १००.६४ ते १००.१२७ च्या मधला असला, तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात म्हणजे एकच पब्लिक आयपी कंपनीने बऱ्याच ग्राहकांत वाटलाय आणि बाहेरून तुमच्या लॅपटॉपपर्यंत कुणी थेट पोचूच शकत नाही, राउटरवर कितीही पोर्ट (आत यायची दारं) उघडा. फोनच्या इंटरनेटवर तर बहुतेक वेळा असंच असतं.

त्यावर उतारा म्हणजे टनेल. क्लाउडफ्लेअर टनेल फुकट आहे, लॅपटॉपवर एक छोटा प्रोग्रॅम चालतो तो आतून बाहेर कनेक्शन लावून ठेवतो आणि वाचक त्या वाटेने आत येतात, राउटरमध्ये भोक पाडायला लागत नाही. पण कायमचं नाव हवं असेल तर त्याला तुमचं स्वतःचं डोमेन लागतं. डोमेन नसेल तर टेलस्केल फनेल बघा, त्यात डॉट टीएस डॉट नेटने संपणारं एक नाव मिळतं, दिसायला ओबडधोबड पण बदलत नाही. पब्लिक आयपी असेल पण तो सारखा बदलत असेल तर डकडीएनएस, ते एकच नाव बदलत्या आयपीला जोडून ठेवतं. एचटीटीपीएसचं (सुरक्षित कनेक्शनचं) सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट, ते सध्या ९० दिवसांचं असतं पण कॅडी नावाचा वेब सर्व्हर टाकलात तर तो आपोआप आणतो आणि आपोआप नवं करतो, तुम्हाला आठवणसुद्धा ठेवायला नको.

दुसरं, वीज. लॅपटॉप रिकामा बसून १५ वॉट खातो असं धरलं तर २४ तास, ३० दिवस म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिट. फार नाही, पण फुकट म्हणताना हे कुणी मोजत नाही. रास्पबेरी पाय असेल तर याच्या तिसऱ्या हिश्श्यात भागतं, फक्त त्याच्या मेमरी कार्डावर डेटाबेस ठेवू नका, सारखं लिहून लिहून कार्ड मरतं. एसएसडी लावा.

तिसरं, आणि हे कळकळीने सांगतो, जुन्या लॅपटॉपची बॅटरी वर्षानुवर्षं चार्जिंगला लावून ठेवली की फुगू शकते. टचपॅड वर आलेला दिसला किंवा झाकण नीट बसेना झालं तर ताबडतोब बंद करा आणि बॅटरी काढून टाका, त्याच्यावर दाब देऊन झाकण लावायला जाऊ नका. बायोसमध्ये ८० किंवा ६० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय असेल तर पहिल्या दिवशीच लावून टाका.

---

शाईपेन

बापरे, एवढं सगळं! सगळ्यांचे मनापासून आभार. उंबरठा, तुमचं वाचून आधी उत्साह आला आणि बॅटरीपर्यंत आल्यावर उतरला. :) आयपी बघितले, राउटरवरचा १०० ने सुरू होतो, पुढचा आकडा ७२ आहे. म्हणजे मी त्या सीजीनॅटच्याच मागे ना?

काका, तुमचा प्रश्न बरोबर आहे, मला लिखाणच ताब्यात हवंय. पण दोन गोष्टी अडतायत. एक म्हणजे प्रतिक्रिया. माझ्या ब्लॉगवर मोजकेच पण नेहमीचे लोक येतात आणि लेखापेक्षा त्याखालची चर्चा छान असते. स्टॅटिकमध्ये ते कसं करायचं? दुसरं, जुने लेख कसे आणायचे, एकेक कॉपी पेस्ट करायचे म्हणजे माझं म्हातारपण.

आणि एका मैत्रिणीचा मुलगा म्हणतो ओरॅकलचा सर्व्हर कायमचा फुकट मिळतो, त्यावर वर्डप्रेस टाकून देतो. हे खरंय का?

---

ढगफुटी

खरंय. ओरॅकल क्लाउडच्या 'ऑलवेज फ्री'मध्ये ४ एआरएम कोअर आणि २४ जीबी रॅम असं बरीच वर्षं देत आलेत, शिवाय २०० जीबी डिस्क. ब्लॉगसाठी हे म्हणजे अतीच. पण अर्ज करायच्या आधीच त्या मुलाला हे सांगा.

खातं उघडताना क्रेडिट कार्ड मागतात, ओळख पटवायला. होम रीजन (ज्या भागातले सर्व्हर वापरायचे तो) पहिल्यांदा निवडाल तो निवडाल, नंतर बदलता येत नाही, आणि गर्दीच्या रीजनमध्ये ते एआरएम मशीन बनवायला गेलं की 'कपॅसिटी नाही' एवढंच उत्तर येत राहतं, आज, उद्या, परवा. मशीन मिळालं, वर्डप्रेस टाकलं, ओरॅकलच्या पॅनेलमध्ये ८० आणि ४४३ पोर्ट उघडले तरी साइट दिसत नाही कारण त्यांच्या उबुंटू लिनक्सच्या इमेजमध्ये आतसुद्धा आयपीटेबल्सचे (फायरवॉलचे) नियम आधीच लावलेले असतात, ते वेगळे उघडावे लागतात. यावर किती लोकांची किती रात्र गेली असेल देव जाणे.

आणि मेख अशी की फुकट मशीन ७ दिवस रिकामं दिसलं, म्हणजे सीपीयू, नेटवर्क आणि मेमरी तिन्हीचा वापर २० टक्क्यांच्या खाली, तर ते परत काढून घेण्याचा हक्क त्यांनी नियमात ठेवलाय. आता चांगला चाललेला मराठी ब्लॉग सर्व्हरच्या नजरेने रिकामाच असतो की!

गूगल क्लाउडचंही फुकट मशीन आहे, १ जीबी रॅमचं, अमेरिकेतल्या तीन ठराविक रीजनमध्येच. पण बाहेर जाणारा डेटा महिन्याला १ जीबीच फुकट. काकांचं २ एमबीचं पान धरलं तर ५०० वेळा उघडलं की संपलं, पुढचं बिलावर. कार्ड जोडलेलं असतं हे लक्षात असू द्या, बजेट अलर्ट लावलात तरी तो नुसता ईमेल पाठवतो, मशीन बंद करत नाही.

मला स्वतःला हे सगळं करायला मजा येते म्हणून मी करतो. तुम्ही लिहा हो.

---

कन्सोलकाका

ढगफुटीशी सहमत आणि त्यात एक भर. त्या मुलाने वर्डप्रेस टाकून दिलं तर ते अपडेट कोण करणार? हल्ली नवीन सर्टिफिकेट निघालं की ते नाव सार्वजनिक नोंदींमध्ये जातं, सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सी म्हणतात त्याला, आणि बॉट तिथूनच नावं उचलतात. साइट चालू होऊन कुणाला सांगितलेलं पण नसतं आणि लॉगमध्ये लॉगिन पानावर पासवर्ड मारून बघणाऱ्यांची रांग सुरू झालेली असते. वर्डप्रेस स्वतः बऱ्यापैकी मजबूत आहे, किरकोळ अपडेट २०१३ पासून आपोआप होतात, पण लोक टाकतात वीस प्लगइन आणि त्यातलं एखादं लिहिणाऱ्याने कधीच सोडून दिलेलं असतं. तिथून घुसतात. मुलगा कॉलेजात, नोकरीत, कुठेतरी जाणार, तुम्ही रात्री अकरा वाजता त्याला फोन करणार.

सीजीनॅट: होय, तेच. टनेलची खटपट करायची नसेल तर लॅपटॉपचा विषय संपला, बरं झालं.

प्रतिक्रिया: स्टॅटिकची खरी लंगडी बाजू हीच. गिस्कस म्हणून एक फुकट सोय आहे, प्रतिक्रिया गिटहबच्या डिस्कशनमध्ये साठवते, जाहिरात नाही, पण प्रतिक्रिया द्यायला वाचकाचं गिटहब खातं लागतं. प्रोग्रॅमिंगच्या ब्लॉगला चालतं, तुमच्या वाचकांना 'आधी गिटहबवर खातं काढा' म्हणालात तर चर्चा तिथेच संपेल. इस्सो किंवा रिमार्क४२ चांगले आहेत पण त्यांना सर्व्हर लागतो, म्हणजे फिरून तिथेच. फुकटात बाहेरच्या कंपनीचा प्रतिक्रियांचा डबा लावता येतो पण मग परत जाहिराती आणि वाचकांवर पाळत. माझं मत विचाराल तर लेखाखाली ईमेलचा पत्ता द्या, 'कळवा' म्हणा, आणि आलेल्यातलं चांगलं त्यांची परवानगी घेऊन लेखाच्या शेवटी स्वतः जोडा.

---

निवांत_नेट

काका, ईमेलवाला उपाय तुम्हाला आवडतो कारण तुम्हाला लोक नको असतात. हलके घ्या. पण चर्चा म्हणजे लोक एकमेकांशी बोलतात ती, ती ईमेलमध्ये नाही होत. शाईपेन, मोजकेच नेहमीचे लोक आहेत म्हणताय तर सरळ एखादा ग्रुप काढा आणि प्रत्येक लेखाखाली त्याची लिंक टाका. चर्चा गेली तर गेली, लेख तरी सुरक्षित.

जुने लेख: आधी तुमच्या साइटच्या सेटिंगमध्ये एक्सपोर्ट किंवा बॅकअप असं काही आहे का ते बघा, बहुतेक एक्सएमएल फाइल देतात. ती आजच उतरवून ठेवा, पुढचं ठरायच्या आधी. त्या फाइलमध्ये मजकूर आणि बऱ्याचदा प्रतिक्रियासुद्धा असतात, पण चित्रं नसतात, चित्रांच्या नुसत्या लिंका असतात. खातं बंद केलंत की ती चित्रं गेली. म्हणून सगळं आणून, चित्रं स्वतःकडे उतरली का ते तपासेपर्यंत जुनं खातं बंद करायचं नाही.

फाइल वर्डप्रेसच्या प्रकारची असेल तर पब्लीत थेट जाते. ब्लॉगरची असेल तर मधे एक टप्पा: स्वतःच्या कॉम्प्युटरवर तात्पुरतं वर्डप्रेस टाकायचं ('लोकल' नावाचं ॲप आहे, दोन क्लिकमध्ये होतं, इंटरनेटवर काही जात नाही), त्यात ब्लॉगर इम्पोर्टर प्लगइनने लेख आत घ्यायचे, मग तिथून एक्सपोर्ट करून पब्लीत. द्राविडी प्राणायाम आहे, पण एकदाच.

---

वेलांटी

इतका वेळ वाचनमात्र होते, पण मराठीचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ही साधनं इंग्रजी लिहिणाऱ्यांनी केलेली आहेत आणि देवनागरी टाकली की काही गमती होतात.

पत्ता: लेखाचं शीर्षक मराठी असेल तर पत्त्यात देवनागरी येते. ब्राउझरच्या पट्टीत छान दिसते पण कॉपी करून कुणाला पाठवली की टक्क्यांच्या चिन्हांची भलीमोठी माळ होते. कारण देवनागरीचं एक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटचं आणि प्रत्येक बाइट पत्त्यात तीन चिन्हांनी लिहिला जातो, म्हणजे एकाचे नऊ. वर्डप्रेसमध्ये या पत्त्याच्या रकान्याची मर्यादा २०० आहे, तर साधारण २२ चिन्हांनंतर शीर्षक तुटतं, आणि काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगवेगळी मोजली जातात! त्यामुळे एकसारखी सुरुवात असलेल्या लेखमालेचे पत्ते भाग-१ भाग-२ कळण्याच्या आधीच कापले जातात. पब्ली असो, हुगो असो, प्रत्येक लेखाला स्लग (पत्त्यातला त्या लेखाचा भाग) रोमन अक्षरांत हाताने द्या, छोटासा.

थीम: शीर्षकांना अक्षरांमध्ये अंतर सोडायची फॅशन आहे, सीएसएसमध्ये (पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये) लेटर-स्पेसिंग. इंग्रजीत झोकदार दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे पडतात. कस्टम सीएसएसमध्ये जाऊन ते 'नॉर्मल' करा. ओळींमधलं अंतरही वाढवा, १.७ च्या आसपास, नाहीतर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांत घुसतात.

फाँट: मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मुक्त परवान्याचे. दोनच वजनं घ्या, साधा आणि ठळक, आणि फाइल डब्ल्यूओएफएफ२ प्रकारची घेऊन स्वतःच्याच साइटवर ठेवा. आणि साइटची भाषा सेटिंगमध्ये मराठी करा, कोड 'एमआर'. स्क्रीन रीडर वापरणाऱ्यांना त्याने फरक पडतो, शिवाय ब्राउझर तुमचा लेख हिंदी समजून भाषांतर करू का असं विचारत नाही. विचारायचं कमी करतो म्हणा.

---

रिकामटेकडा

शिरोरेघ तुटायचं कारण आज कळलं, मला वाटायचं फाँटच खराब आहे. वाचनखूण साठवली.

आणि डोमेनचं काय? त्याबद्दल कुणी बोललंच नाही.

---

कन्सोलकाका

बरं काढलंस. गिटहबने दिलेलं नाव फुकट आहे आणि चालतंही, पण ते गिटहबचं. उद्या तिथून हललात तर वाचकांच्या खुणा, सर्चमधले दुवे, आरएसएस फीडवरून वाचणारे सगळे तुटले. ईयू डॉट ऑर्ग म्हणून १९९६ पासून फुकट नावं देणारी एक जुनी स्वयंसेवी मंडळी आहेत, पण ती माणसं हाताने मंजुरी देतात, वाट बघायची तयारी ठेवा.

शाईपेन, तुम्हाला खर्च करायचा नाही हे मान्य. पण कधी एकाच गोष्टीवर वर्षातून एकदा खर्च करायचा ठरवलात तर तो डोमेनवर करा, होस्टिंगवर नव्हे. स्वतःचं नाव गिटहब पेजेसला फुकट जोडता येतं, सर्टिफिकेटही तेच आणतात. आणि घेतलंत तर मुदत चुकवू नका, सुटलेली नावं टपून बसलेले लोक उचलतात आणि तुमच्या नावावर जुगाराची साइट उभी राहते.

---

शाईपेन

एक्सपोर्ट फाइल उतरवली! वर्डप्रेस प्रकारचीच निघाली, पब्लीने लेख आत घेतले, थोड्या चित्रांच्या जागी रिकामे चौकोन आहेत ते एकेक बघतेय. वेलांटी, तुमचं लेटर-स्पेसिंग अगदी तस्संच होतं, शीर्षक वाचताच येत नव्हतं, आता सुंदर दिसतंय.

पण गिटहबवर चढवल्यावर नुसता मजकूर दिसतोय, पांढऱ्या पानावर निळ्या लिंका, थीमच नाही. पब्लीच्या प्रीव्ह्यूत मात्र व्यवस्थित दिसतं. रेपोचं नाव 'ब्लॉग' असं ठेवलंय.

---

निवांत_नेट

तेच कारण. रेपोचं नाव ब्लॉग असेल तर साइटचा पत्ता तुमच्या गिटहब नावाच्या पुढे तिरकी रेघ आणि ब्लॉग असा होतो, पण पब्लीत तुम्ही पुढचा भाग दिला नसणार, म्हणून पानं सीएसएस चुकीच्या जागी शोधतायत. दोन उपाय: एकतर पब्लीच्या सर्व्हर सेटिंगमध्ये पूर्ण पत्ता द्या, नाहीतर रेपोचं नाव बदलून तुमचं गिटहब नाव आणि पुढे डॉट गिटहब डॉट आयओ असं ठेवा आणि पब्लीतही तेच लिहा. दुसरा करा, पत्ता छोटा राहतो आणि नंतर डोमेन जोडताना भानगड नाही. बदलून परत सिंक मारा, मग पाचेक मिनिटं थांबा, लगेच दिसत नाही.

---

शाईपेन

झालं!! थीम आली. फोनवर पण छान उघडतंय.

आता शेवटचं विचारते: जुन्या ब्लॉगवरून इकडे लोकांना आपोआप पाठवता येतं का? तिथल्या सेटिंगमध्ये रीडायरेक्ट शोधलं, आहे पण पैसे मागतायत.

---

वेलांटी

मग आपोआप नाही होणार. तिथे एक शेवटचा लेख टाका नव्या पत्त्याचा आणि तो वर चिकटवून ठेवा, शिवाय ज्या लेखांवर अजून लोक येतात त्यांच्या पहिल्या ओळीत त्या त्या लेखाची नवी लिंक द्या, सगळ्या दीडशेंना नाही, वरच्या दहा-पंधरांना पुरे. दोन्हीकडे तोच पूर्ण मजकूर राहिला तर सर्चवाले बहुतेक जुनाच पुढे दाखवत राहतात, म्हणून जुन्याचा थोडा भाग ठेवून बाकी काढला तरी चालेल, पण चित्रांचं काम संपल्यावर.

नवा पत्ता इथेही टाका की.